तेलात पडणारा छर्रा

काका, परवा माझ्या गाळ्यातल्या एका फिटरने विचारलं, गिअरबॉक्सचं तेल पातळ झालंय का ते बोटाला लावून कळतं, मग ही काचेची नळी कशाला? मी त्याला ती नळी कुणाची ते सांगितलं. तुम्ही फोरमन आणि मी तुमच्या हाताखालचा फिटर, हेही सांगितलं. पुढचं सांगितलं नाही. ते तुम्हाला लिहितोय.

तुमची पद्धत मी आजही तशीच ठेवली आहे. नळीत तेल भरायचं, बेअरिंगचा दोन मिलीमीटरचा छर्रा वरून अलगद सोडायचा, आणि एक फूट अंतरावरच्या दोन खुणांमधून तो किती सेकंदांत जातो ते बघायचं. वरची खूण तेलाच्या पातळीपासून चार बोटं खाली, म्हणजे तोवर छर्र्याचा वेग स्थिर झालेला असतो. आणि हे सकाळीच करायचं, पत्रा तापायच्या आत, कारण उन्हाने तेल आपोआप पातळ होतं. आपल्या तेलाला वीस सेकंद लागायचे. पंधरावर आलं की तुम्ही म्हणायचात, "उतरव, मेलंय ते." भाईंदर पूर्वेच्या त्या गाळ्यांच्या ओळीत तुमचा शब्द कुणी दुसऱ्यांदा तपासत नसे.

आणि मग तो चहाच्या वेळचा प्रसंग. दोन हजार सालानंतरची ती पहिलीच वर्षं. तुम्ही सहज म्हणालात, "छर्रा दुप्पट जाडीचा घेतला तर चौपट वेगाने पडतो." माझी शाळा दहावीनंतर सुटलेली, पण पश्चिमेच्या रद्दीवाल्याकडून घेतलेलं फिजिक्सचं इंग्रजी पुस्तक मी डिक्शनरी घेऊन पान पान सोडवत होतो. पाचव्या प्रकरणात होतं की वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. त्या हिशेबाने दुप्पट जाडीचा छर्रा जेमतेम एक पूर्णांक चार दशांश पट वेगाने पडायला हवा. मी ते सगळ्यांदेखत बोललो. तुम्ही हसलात. "काय रे शाण्या, मी वीस वर्षं काय गोट्या खेळतोय?" लेथवाला भाई म्हणाला, "अरे, तो दोनों करके दिखाओ ना." शेठ आतून ओरडले, "तेल मत बिगाड़ना, पानी में करो."

तिथेच घोळ झाला, आणि तो कुणाच्याच लक्षात आला नाही. माळ्यावरून दहा फुटी पारदर्शक पाइप सोडलाय, पाण्याने भरलाय, घड्याळ माझ्या हातात आहे. लहान छर्रा पावणेपाच सेकंद, मोठा साडेतीनच्या जरा आत. तीनदा केलं, तीनदा तेच. भाईने टाळी वाजवली. "उस्ताद, चौपट किधर गया?" सगळे हसले. तुम्ही हळूच म्हणालात, "पाणी म्हणजे तेल नव्हे रे." आणि मी, दोन छर्रे तळहातावर खेळवत, म्हणालो, "काका, विज्ञान सगळीकडे सारखंच असतं."

दुसऱ्या दिवसापासून स्टॉपवॉच माझ्या टेबलावरच्या खिळ्याला. "आता तूच बघ," एवढंच बोललात. पुढे दीड वर्ष तुम्ही होतात, पण कुणी आकडा विचारला की, "त्याला विचारा." मग गावी गेलात आणि तिकडेच वारलात.

माझी चूक मला कळली ती चार वर्षांनी, त्याच पुस्तकाच्या सहाव्या प्रकरणात. जाड तेलात छर्रा इतका सावकाश उतरतो की तेल गुपचूप बाजूला होतं आणि मागे पुन्हा मिटतं. तिथे विरोध वेगाइतकाच वाढतो, वर्गाने नाही, म्हणून दुप्पट जाडीला चौपट वेग. पाण्यात छर्रा जोरात जातो, पाणी ढकलत जातो, मागे भोवरे सोडतो, तिथे वर्गाचा नियम. आणि हा फरक निव्वळ तेल-पाण्याचाही नाही. खाडीचं पाणी ग्लासात ढवळून ठेवलं तर रेती लगेच तळाला जाते आणि बारीक गाळ संध्याकाळपर्यंत तरंगत राहतो. त्या गाळाच्या कणाला तेच पाणी तुमच्या तेलासारखं. आकार, वेग आणि दाटपणा, तिन्ही एकत्र बघावे लागतात. मी एकच बघितलं होतं. हे मी आज कुणालाही नीट समजावून देतो, आणि शेवटी म्हणतो, आमच्या फोरमनचंही बरोबर होतं, मला उशिरा कळलं.

वर "चार वर्षांनी" लिहिलंय ते नेमकं नाही. चार वर्षांनी कळलं ते त्यामागचं कारण. तुमचं बरोबर आहे हे दुसऱ्याच दिवशी सकाळी कळलं होतं. कुणी यायच्या आधी मी गाळा उघडला आणि तुमच्या नळीत, तुमच्या तेलात, दोन्ही छर्रे सोडले. लहान वीस सेकंद. मोठा पाच.

घड्याळ जागेवर ठेवलं, खाली सांडलेले थेंब पुसले. छर्रे तळातून काढायचे राहिले. तुम्ही आलात, नळीकडे बघितलंत, चुंबकाने दोन्ही वर ओढून घेतलेत, चिंधीला पुसलेत आणि डबीत टाकलेत. मग घड्याळ उचलून माझ्या खिळ्याला अडकवलंत.

"लवकर आलास?"

"रिक्षा लगेच मिळाली," मी म्हणालो.

मी गाळ्याच्या मागच्याच चाळीत राहायचो, काका. चालत तीन मिनिटं. तुम्हाला माहीत होतं.