मॅडमना दिलेली उत्तरं

प्रिय सई,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी माझं तोंड सारवासारव करायला लागतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे कागदावर. सातवीत शाळा सुटली, पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत शिकलेली बाई मी. चुकलं-माकलं सांभाळून घे.

इथे चिखलीत सगळं तसंच. समोरच्या वर्कशॉपचा ग्राइंडर सकाळी सुरू झाला की तूच आठवतेस. आकुर्डीच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात दाबून कॉटखाली जाऊन बसायचीस. शेवटी मी कुकर शेजारणीकडे लावायला लागले. तिला सांगितलं, आमच्या शेगडीचं काही खरं नाही. आणि मागच्या महिन्यात तुझ्या तपासणीला अरुंधती मॅडमनी विचारलं, आवाजाचा त्रास व्हायचा का, तर मी म्हणाले, छे हो, भारी गुणी पोर.

त्यांच्याकडे जाताना रिक्षात तू मला नीट समजावलं होतंस. याला रक्त तपासत नाहीत, फोटो काढत नाहीत. मोठ्या माणसाचा ऑटिझम ठरवायचा तर लहानपण कसं होतं ते विचारतात, आणि ते सांगणारी मी एकटीच. “आई, खरं तेवढं सांग. मला औषध नकोय गं, नाव हवंय,” म्हणालीस. मी मान डोलावली. पण समोर एक बाई वही-पेन घेऊन बसली, मुलगी बोलायला कधी लागली, चारचौघांत मिसळते का, असं विचारू लागली, आणि माझं डोकं फिरलं बघ. स्थळाकडची माणसं बसलीत असं समजूनच मी उत्तरं देत सुटले. बोलायला? वेळेवर. खेळायला? सगळ्यांच्या पुढे. तू शेजारी पर्सची चेन उघडत-मिटत बसलेलीस.

रिपोर्ट तू नुसता पाठवलास. त्यात लिहिलंय, लहानपणी लक्षणं असल्याची माहिती मिळाली नाही, म्हणून निदान करता येत नाही. तुझ्या दोन नोकऱ्या सुटल्या, चाकणच्या ऑफिसात गलका वाढला की जिन्यात जाऊन बसतेस. ते का, हे कळायची वाट मीच बंद केली.

आता खरं ऐक. साडेतीन वर्षांची होईपर्यंत तू एक शब्द बोलली नाहीस. तहान लागली तर बोट दाखवायची नाहीस. माझा हात धरून माठावर नेऊन ठेवायचीस. बाबांनी कारखान्यातून आणलेले वायसर मापानं ओळीत लावायचीस, एक हलला तर तासभर आकांत. पोरं अंगणात, तू उंबऱ्यात. माणसाच्या डोळ्यांत बघायची नाहीस, म्हणून मी युक्ती शिकवली, समोरच्या बाईच्या टिकलीकडे बघायचं. रोज आरशापुढे उभी करायचे, चुकलीस की चिमटा. लोक म्हणायचे, किती छान बोलते हो तुमची सई. मी फुशारून जायचे.

आणि एक, जे तुलाही माहीत नाही. बालवाडीच्या शमीमबाईंनी मला बाजूला घेतलं होतं. “वहिनी, पोर हुशार आहे, पण काहीतरी वेगळं आहे. पुण्याला मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, उशीर नका करू,” असं म्हणून हातात चिठ्ठी दिली. मी तिथंच भांडले. आधी स्वतःच्या पोरांना दाखवा, म्हणाले. चिठ्ठी फाडली, तुझी बालवाडी बदलली, आणि तुझ्या बाबांना सांगितलं की बाई मुलांना मारतात. त्या माउलीनं कुणावर कधी हात उगारला नव्हता.

हे पत्र तुझ्याइतकंच अरुंधती मॅडमसाठी आहे. काल मी त्यांना फोन करून सांगितलं, मी खोटं बोलले, मला पुन्हा विचारा. त्या म्हणाल्या, सईची संमती असेल तरच. गुरुवारी अकराची वेळ धरून ठेवलीय. संमती दिलीस तर हे पत्र त्यांना दे, खाली सही केलीय. बाबाही येतील, चिठ्ठीचं त्यांना अजून बोलले नाही, ते तिथं त्यांच्यासमोरच सांगेन. नको म्हणालीस तर तो तुझा हक्क. हो किंवा नाही, तेवढंच कळव. आणि माझ्याशी गोड बोलायचं म्हणून बोलू नकोस, जे वाटतंय ते लिही.

तुझीच,
आई
(शालन सुरेंद्र)