वायरच्या टप्प्यातले व्हिडिओ

६ फेब्रुवारी, शुक्रवार

ताईने आज पुन्हा तेच सांगितलं. लग्नात फोटोला ती उभी राहणार नाही. मागच्या खोलीत बसेन, पाहुण्यांच्या बॅगा सांभाळेन, पण स्टेजवर मला ओढू नका — फोनवर, आणि तेही ठमी शेजारी बसलेली असताना! ठमी म्हणजे माझी भाची. लग्न तिचंच आहे, एक मार्चला. आणि आईच फोटोत नाही म्हणे.

थंडीच्या सुरुवातीला एका सकाळी चूळ भरताना ताईच्या ओठाच्या कडेनं पाणी गळायला लागलं. आरशात बघते तर चेहऱ्याची डावी बाजू हलेचना. डॉक्टर म्हणाले, नस सुजलीय, जिवाला धोका नाही, हळूहळू सुधारेल. किती सुधारेल ते सांगत नाहीत. तेव्हापासून ताई तोंडावर ओढणी धरून बोलते. आणि हसत नाही.

ताई हसत नाही — लिहितानासुद्धा कुणा दुसऱ्याच बाईबद्दल लिहितेय असं वाटतंय.

७ फेब्रुवारी, शनिवार

दुपारभर गिऱ्हाईक नाही. मोबाईलची दोन कव्हरं विकली आणि जुनं सगळं आठवत बसले.

तेव्हा माझं हे टपरीएवढं दुकान नव्हतं. आम्ही दोघी बहिणी बाजारातल्या मोठ्या मोबाईलच्या दुकानात कामाला होतो. ताई बिलिंगला, मी काउंटरला. लोक नुकते कुठे व्हिडिओ टाकायला लागले होते. पंधरा सेकंदांचे, अंधारे, हललेले. तरी माणसं हसून हसून बेजार व्हायची! आम्हाला भारी हौस. पण आमच्या दोघींचे फोन बटणांचे. दिवसभर दुसऱ्यांना कॅमेरे विकायचे आणि स्वतःकडे एक नाही, अशी आमची तऱ्हा.

मग काउंटरवर बघायला मांडलेले फोन वापरायला लागलो. सकाळी झाडलोट झाली की दुकान उघडेपर्यंत. पण प्रत्येक फोनला चोरीच्या भीतीने वायर लावलेली, हातभर. जरा जास्त ओढली की भोंगा बोंबलायचा. त्यामुळे आमचा कॅमेरा कधी जागचा हललाच नाही. फोन चिकटपट्टीच्या स्टँडला टेकवायचा. समोर काउंटरची कड, कॅल्क्युलेटर, मागे कव्हरांची भिंत. आमच्या सगळ्या व्हिडिओंत जग एवढंच आहे! ज्याला दिसायचं असेल त्याने तिथे यायचं. ताई काउंटरखाली बसायची, एक गिऱ्हाईक होऊन वर यायची, खाली जायची, ओढणी डोक्यावरून घेऊन दुसरंच गिऱ्हाईक होऊन उगवायची. बोट दाबून ठेवलं की शूटिंग चालू, उचललं की बंद. बोट माझं. मला हसू आलं की फोन थरथरायचा आणि ताई चिडायची.

बिलाच्या कोऱ्या बाजूवर मी लिहायचे, चेहरा तिचा. अशी वाटणी होती. माझं लिहिणं काही फार ग्रेट नव्हतं, खरं सांगायचं तर. पण "रेंज येत नाही" एवढं साधं वाक्य ताई अशा तोंडाने म्हणायची की पुढचं लिहायची गरजच उरायची नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज सकाळपासून एकच प्रसंग डोक्यात घोळतोय, लिहूनच टाकते.

व्हिडिओ दुकानाच्या वायफायवरून टाकला की फोनमधून पुसायचा, हा आमचा नेम. एके दिवशी दुकान लवकर उघडलं, गर्दी झाली आणि पुसायचा राहून गेला. तोही नेमका कुठला? ज्यात ताई मालक झाली होती तो! पोट पुढे, हात मागे, "नुसतं बघू नका, घेऊन बघा."

दुपारी बघते तर त्या फोनभोवती घोळका. कॅमेरा कसा आहे ते बघायला कुणीतरी गॅलरी उघडली होती. लोक पोट धरून हसत होते आणि त्या घोळक्याच्या मागे मालक, टाचा उंचावून बघतायत. माझी पाचावर धारण बसली. नोकरी गेली असंच धरून चालले.

मालकांनी व्हिडिओ पाहिला. परत पाहिला. मग सगळ्यांसमोर विचारलं, "माझं पोट एवढं पुढे येतं?"

बिलिंगवरून ताई म्हणाली, "नाही मालक. मी थोडं कमी केलं."

अख्खं दुकान हसत सुटलं! मालकसुद्धा. त्या दिवसापासून तेच आम्हाला सकाळी लवकर बोलवायला लागले. अट एकच — शूटिंग नव्या आलेल्या फोनवर, आणि तो फोन व्हिडिओत दिसलाही पाहिजे. आता ज्या फोनने शूटिंग चालू आहे तोच फोन व्हिडिओत दिसणार कसा? मालकांना हे पटवता पटवता आमच्या नाकी नऊ आले. शेवटी त्यांनी घरून आरसा आणला आणि स्वतः धरून उभे राहिले. त्या व्हिडिओत फोन दिसतो, ताई दिसते, आणि आरशाच्या वर मालकांचं टक्कलही दिसतं.

डबा खाताना खालचे अभिप्राय मोठ्याने वाचायचो. कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांचे! कुणी लिहायचं, तुमच्यामुळे आज दोन घास जास्त गेले. ताई ते परत वाचायला लावायची. ठमी तेव्हा शाळेत होती, मैत्रिणींना सांगायची, माझी आई व्हिडिओतली आहे. बसस्टॉपवर एक बाई ताईला म्हणाली, "ते काउंटरखालून येणारं तोंड तुमचंच ना?" ताई आठवडाभर हवेत!

फार चांगले दिवस होते ते. तेव्हा कळत होतं की नाही, आठवत नाही. बहुतेक कळत होतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

जुने व्हिडिओ ज्या फोनमध्ये उतरवून ठेवले होते तो सापडला! चार्जर मिळत नाही. आणि म्हणे माझं मोबाईलचं दुकान!

१५ फेब्रुवारी, रविवार

चांगलाच घोळ घातला मी.

फोन चालू झाला. सगळे व्हिडिओ शाबूत. हे पाहिले की ताईला हसू येईल, हसली की जरा मोकळी होईल, असं मनाशी धरून लगेच तिच्याकडे गेले. ठमीने तर ताईला हाताला धरून आणून बसवलं.

ठमी हसून हसून लोळली. मीही हसले. मी ताईकडे बघतच नव्हते, मूर्ख! तो स्वस्तातला फोन मागणाऱ्या बाईचा व्हिडिओ लागला — त्यात किंमत ऐकल्यावर ताईची फक्त डावी भुवई वर जाते, बाकी चेहरा ढिम्म. लोक त्या भुवईवर फिदा होते. ताईने तिथे व्हिडिओ थांबवला. स्क्रीनवरच्या भुवईवर बोट ठेवून बसली. मग ओढणीआडून म्हणाली, "ही बाई गेली गं. परत आणू नकोस तिला."

आणि उठून आत गेली. दार लावल्याचा आवाजसुद्धा केला नाही.

ठमी मला म्हणाली, जाऊ दे मावशी, तुझा हेतू चांगला होता. चोवीस वर्षांची पोर माझी समजूत काढतेय! मला इतकं वाईट वाटलं की चहाही न घेता निघून आले.

१६ फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर कशात लक्ष नाही. एका गिऱ्हाइकाचा स्क्रीनगार्ड दोनदा वाकडा लावला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ठमी दुकानात आली होती. लग्नासाठी दोन्हीकडच्या मंडळींचा एक ग्रुप केलाय, त्यावर विहीणबाईंनी मुलीकडच्यांचा फोटो मागितला. ताईने पाठवला तो दहा वर्षांपूर्वीचा. विहीणबाईंनी कौतुक केलं, किती प्रसन्न चेहरा आहे म्हणाल्या. झालं, ताई आता ग्रुप उघडूनही बघत नाही.

ठमी स्टुलावर बसून माझ्याकडची कव्हरं उगाच खालीवर करत होती. म्हणाली, "मावशी, मला ती फोटोतली आई नकोय. मला आत्ताची पाहिजे." डोळे भरले होते. मी कव्हरं तिच्या हातातून काढून घेतली आणि तिला जवळ घेतलं.

ती गेल्यावर मी बसले लिहायला. इतक्या वर्षांनी! ताईचा चेहरा दिसणारच नाही असं लिहिलं — ती काउंटरखालूनच बोलते, गिऱ्हाईक वाकून वाकून शोधतं. मला आवडलं. फोन करून ताईला वाचून दाखवलं. तिने मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं लिहिलंयस," म्हणाली. "चेहरा दुसरा शोध."

२२ फेब्रुवारी, रविवार

ताईला फोन केला नाही. काय बोलणार?

बाजारात गेले होते, मुद्दाम जुन्या दुकानावरून. तिथे आता चपला मिळतात. आमच्या काउंटरच्या जागी पायाचं माप घ्यायचं बाकडं आहे. विक्रेत्या मुलीने विचारलं, काय दाखवू? उगाच एक जोड घालून पाहिला. तिला सांगावंसं वाटत होतं की इथे कुणी काय धमाल केलीय, पण कुठून सुरू करायचं ते सुचलं नाही. ताईचं हसू त्या दुकानात शटरबाहेरपर्यंत ऐकू जायचं. मला तेच हवंय परत. लग्न, फोटो सगळं राहू दे, एकदा ती तशी हसली तरी पुष्कळ झालं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

लग्नाच्या ग्रुपवर ताईचा व्हिडिओ आलाय. दोन्हीकडच्या सगळ्यांना! स्वयंपाकघरातला उजेड, ताई स्टुलावर, कॅमेऱ्यासमोर सरळ. ओढणी नाही. फोन दुरुस्तीला घेऊन आलेल्या गिऱ्हाइकासारखी कुरकुरत म्हणतेय, "पीस चांगलाय हो, नुसती डावी बाजू हँग झालीय. रविवारी लेकीचं लग्न आहे. तोवर झाला तर बरं, नाहीतर असाच घेऊन जाईन. पण फोटो पूर्ण काढायचे. अर्धेच काढलेत तर पैसे मिळणार नाहीत." आणि मग तिलाच आवरेना — हसली. वाकडी, अर्ध्या तोंडाने, मोठ्याने. खाली विहीणबाईंनी लिहिलंय, पहिला फोटो तुमच्याशेजारी मी.

शटर अर्धं ओढून रडून घेतलं. त्या व्हिडिओतला एक शब्दही मी लिहिलेला नाही.