जुनं गवत आणि रात्रीचा पोपट

१४ नोव्हेंबर

प्रिय लोर्नाताई,

इकडे सगळे बरे आहेत. उन्हाळा लागलाय, उकाडा असा की कुत्रीसुद्धा दुकानाच्या दारातून हलत नाहीत. परवा भाऊने घोरपड आणली. शेपटी नेहमी तुझ्या वाट्याची म्हणून कुणी हात लावेना, शेवटी मीच खाल्ली.

तुझा निरोप मिळाला. अॅलिस स्प्रिंग्जच्या इस्पितळातलं ते रक्त धुणारं मशीन सोडून घरी यायचं म्हणतेस. मशीन सोडल्यावर माणूस फार राहत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. "मरेन, पण रात्रीच्या पोपटाची शीळ एकदा ऐकून मरेन." तुझी लेक ट्रेसी हा निरोप सांगताना रडायला लागली. मी म्हटलं, "रडतेस काय, चहा टाक."

आजी म्हणायची, "काटेरी गवत आणि हा पोपट एकाच आईची पोरं. अंगावर तेच हिरवे-पिवळे पट्टे. एक जागचं हलत नाही, दुसरा रात्रभर उंडारतो आणि उजाडलं की पहिल्याच्याच पोटात लपतो." मग माझ्याकडे बोट, "ही गवत. आणि थोरली पोपट, अंधार पडला की हिचा पत्ता नाही." तू काय फणफणायचीस.

एक फरक आजीने सांगितला नव्हता. गवत जळलं तरी पावसानंतर पुन्हा फुटतं. पोपटाला कोवळं गवत चालत नाही. त्याला म्हातारं, दाट झुडूपच लागतं, आणि ते व्हायला एक पोर मोठं होईल इतका काळ जातो.

ताई, खारट तळ्याकडचं तुझं गवत जळलं. सगळं. वीज पडली. एरवी आपण थंडीत लहान लहान पट्टे जाळून ठेवतो, आग तिथे अडते. पण जमीन तुझी. तू तिथे उभी नसताना काडी कोण ओढणार? फोनवर विचारता आलं असतं. पण विचारणं म्हणजे तू आता येत नाहीस, हे तुझ्या तोंडावर म्हणणं. कुणाची जीभ रेटली नाही.

आपल्या डेरिकने तिथे पोपटाचा आवाज टिपणारं यंत्र लावलंय. रोज कानाला लावून बसतो. "मावशी, नुसता वारा आहे," म्हणतो.

आधी मी "शीळ येते, तू ये" असं लिहिलं होतं. ते पान चुलीत घातलं. खरं कळल्यावर तू कदाचित मशीनवरच राहशील, अजून थोडी जगशील. मला तेच हवंय. पण तिथे कशासाठी जगायचं, हे तू विचारशीलच. आलीस तर अंगणात सावलीला फांद्या घातल्या आहेत. तिथून पूर्वेला, तळ्याकडे, बघू नकोस.

तू गेलीस की रीतीप्रमाणे आम्हाला तुझं नाव घेता येणार नाही. दुकानातल्या तुझ्याच नावाच्या पोरीलाही दुसरी हाक मारावी लागेल. म्हणून तू ऐकू शकतेस तोवर घेते. कधी नुसत्या नावाने हाक मारली नव्हती, रागावू नकोस.

लोर्ना. लोर्ना. लोर्ना.

जागची न हललेली तुझी,
मेझी