ऑक्सफर्डची ती खिडकी

टॉडमॉर्डन, ४ मे १९८९

चि. विल्फ्रेड यास अनेक आशीर्वाद.

सुटले बाबा एकदाची गिरणीतून! शेवटच्या दिवशी बायकांनी केक कापला आणि हातात पाकीट ठेवलं. आत तू गाईड म्हणून नेतोस त्याच सहलीचं तिकीट! सकाळी लंडनहून बस, मग ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि संध्याकाळी परत. भाऊ ऑक्सफर्डचा पदवीधर आणि बहिणीने ते गाव पाहिलंही नाही, म्हणून शेजारची मेव्हिस मला वर्षभर टोचत होती.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा आपल्यापैकी एकालाच घर सोडता येणार होतं. तू गेलास. शिक्षिकेच्या प्रशिक्षणाची जागा सोडल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. फक्त तुझी खोली एकदा बघायची आहे. प्रवाशांना दाखवतोस ना, तशीच दाखव. आणि सगळ्यांदेखत म्हातारी म्हणालास तर कान उपटीन.

आहे तेवढी माया पुरे, कमी मात्र करू नकोस.

एनिड

लंडन, ९ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, आनंद झाला. पण खरं सांगू? ही सहल तुझ्यासाठी नाही. दिवसभर बसमध्ये गुडघे आखडतात, दगडी रस्त्यांवर पाय मोडतात आणि मी तर माणसं मोजण्यातच गुंतलेला असतो. तिकीट बदलून घेतो. आपण दोघंच ब्रायटनला जाऊ, समुद्रावर मासे खाऊ. खोलीचं काय, बाहेरून नुसती खिडकी दिसते.

रागावू नकोस, ही विनंती.

तुझा विल्फ

टॉडमॉर्डन, १२ मे

चि. विल्फ्रेड यास आशीर्वाद.

एकवीस वर्षं दोन यंत्रांमध्ये उभी होते, पायांचं मला सांगू नकोस. नवे बूट घेतलेत. सत्तावीस तारखेला येते आहे.

एनिड

लंडन, २९ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

शनिवारी स्टेशनवर निरोप घेताना तू माझी कॉलर नीट केलीस, तेव्हाच सांगायला हवं होतं. आता लिहितो.

ती खोली माझी होती, पण आठच महिने. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत नापास झालो आणि जून बावन्नमध्ये मला काढून टाकलं. घरी येण्यासाठी गाडीत बसलोही होतो. पण तू आईला उचलून कुशीवर वळवतेस, तेच डोळ्यांसमोर आलं, नापास होऊन तुझ्यासमोर उभं राहायची लाज वाटली आणि पुढच्या स्टेशनवर उतरलो. मग दोन वर्षं ऑक्सफर्डच्याच एका हॉटेलात भांडी घासली. तुला दर रविवारी लिहीत होतो ते अभ्यासाचं सगळं तिथल्या मोरीशेजारी बसून. पदवी नाहीच.

गाईड झालो तेव्हा वाटलं, नुसतं बोलायचं तर काम आहे. पण गेली सोळा वर्षं त्या खिडकीखाली उभं राहून तेच खोटं बोलतोय. थांबलो तर कुणीतरी विचारेल, म्हणून बोलत राहतो. शनिवारी तू पुढे येऊन चाळीस अनोळखी माणसांना अभिमानाने सांगितलंस, की हा माझा धाकटा भाऊ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. केंब्रिजपर्यंत अडीच तास माईक हातात होता आणि तू पहिल्याच बाकावर माझ्याकडे बघत हसत होतीस. बसचं दार उघडून उडी मारावीशी वाटली.

माफ कर म्हणायचं तोंड नाही.

विल्फ

टॉडमॉर्डन, १५ जून

विल्फ्रेड,

पंधरा दिवस हातात पेन धरवलं नाही. मेव्हिस रोज सहलीचं विचारते, मी दात दुखतो सांगते. बघ, मलाही खोटं बोलायला लावलंस.

नापास झालास याचा राग नाही. पोरं नापास होतात. पण तू तेव्हाच परत आला असतास तर आईला तू सांभाळलं असतंस आणि मी गेले असते. तेवीस वर्षांची होते मी. प्रशिक्षण कॉलेजातून दोनदा पत्र आलं होतं, की जागा अजून राखून ठेवली आहे. दुसरं पत्र आलं ते बावन्नच्या ऑगस्टमध्ये. तुझं नुकसान होऊ नये म्हणून मी ते चुलीत घातलं.

दोघांतलं एक तरी सुटलं, एवढ्या एका गोष्टीवर मी सगळी वर्षं काढली. सुटलं कुणीच नव्हतं.

रविवारी एकच्या गाडीने ये. मटण भाजून ठेवते. स्टेशनवर येईन, पण घरी पोचेपर्यंत तुझ्याशी बोलेनच असं नाही. तरी ये.

एनिड