इस्त्रीची मूठ

अण्णा,

वेल्ह्याला आपण दोघं गेलो होतो त्या दिवसाबद्दल मी आजवर कुणाशी बोलले नाही. आईशी तर नाहीच. ती होती तोवर त्या दिवसाचा विषय घरात निघत नसे, आणि ती गेल्यावर ऐकणारं कुणी उरलं नाही. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा माझं वय आता बरंच पुढे गेलं आहे. ओळ तिरकी जाते, तरी लिहिते.

भोरची आपली पत्र्याची शेड मला अजून स्वच्छ दिसते. नदीकडे उतरणारी गल्ली, दारात भंगाराचा ढीग, आत शिरलं की तापलेल्या बिडाचा आणि लाखेचा वास. पुण्यात वायरमनचं काम शिकून तुम्ही गावी परत आलात, आणि लढाईत परदेशी माल यायचा थांबला तेव्हा विजेच्या इस्त्र्या करायचं तुमच्या मनानं घेतलं. सुताराच्या घरातला माणूस विजेच्या मागे लागला म्हणून भावकी हसत होती. मी त्याच सुमारास सासरहून परत आले होते, कायमची. तुम्ही मला काहीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अभ्रकाचे पातळ पत्रे आणि तारेचं रीळ माझ्यापुढे ठेवलंत आणि म्हणालात की ही तार पत्र्यावर गुंडाळायची, वेढे एकमेकांना चिकटता कामा नयेत. बाकीच्या बायका मला बघून पदर तोंडाला लावत होत्या, तेव्हा तुम्ही मला काम दिलंत. आयुष्यात मला मिळालेली तेवढी एकच भेट मी अजून मोठी मानते.

तळ पुण्याहून ओतून यायचा, तार मी गुंडाळायची, जोडणी तुमची, आणि मूठ वेल्ह्याच्या मामाची. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. तोरण्याच्या पायथ्याच्या गावांत त्याच्या हातचे नांगर आणि गाडीची चाकं नावाजलेली होती. पण हिरड्याच्या झाडावरून पडला आणि कंबर गेली. वाकस उचलून लाकूड तासणं संपलं. वर्षभर तो ओट्यावर भिंतीला टेकून नुसता बसून असे, कुणी हाक मारली तरी ओ देत नसे. आई माहेराहून आली की दोन दिवस जेवत नसे. मग तुम्हीच त्याला म्हणालात की बसल्या जागी मुठी करून द्या. शिसवाचा तुकडा, पटाशी आणि कानस, एवढ्यात होणारं काम. पहिल्या मुठी आल्या तेव्हा तुम्ही एक हातात धरून कितीतरी वेळ सोडलीच नाहीत. बोटं जिथे पडायला हवीत तिथे नेमकी खोलगट जागा. मामी सांगायची की आता तो सकाळी उठून स्वतः दाढी करतो.

इस्त्र्या विकायला लागल्या तशी परवानग्यांची कटकट सुरू झाली, आणि इंग्रजी पत्रं लिहिता येतात म्हणून ती माझ्याकडे आली. प्रत्येक मुलखाचं म्हणणं वेगळं. भोर संस्थानात तर कुणी विचारणारंच नव्हतं, तापली की झालं. पुणं खालसा, म्हणजे इंग्रजांच्या मुलखातलं, तिथली गिऱ्हाइकं म्हणाली की जमिनीत सोडायची तिसरी तार हवी. ती आपण घातली. मुंबईच्या व्यापाऱ्याला गोव्यात माल धाडायचा होता, तिथे फिरंग्यांचं राज्य, त्यांना पितळी पाटीवर व्होल्टचा आकडा आणि त्यांच्या भाषेतली सूचना हवी होती. त्या अक्षरांवरून तुम्ही खिळ्याने ठोके मारत होतात आणि प्रत्येक अक्षर बरोबर आहे ना, असं मला पुन्हा पुन्हा विचारत होतात. मग लढाई संपली आणि त्याच व्यापाऱ्याने सिलोनचं काढलं. कोलंबोला मोठी मागणी होती. एवढा माल गेला तर शेडमध्ये आणखी चार माणसं ठेवता येतील, असं तुम्ही जेवताना आईला म्हणालात. आई म्हणाली, मग दादालाही जास्त काम मिळेल. तुम्ही मान हलवलीत.

सिलोनसाठी नमुने मुंबईत तपासायला गेले. तिथे इस्त्री दमट पेटीत ठेवतात, बाहेर काढून वीज कुठे झिरपते ते बघतात, हे आपल्याला ठाऊकही नव्हतं. उत्तर आलं ते मी तुम्हाला मराठीत वाचून दाखवलं. तळ ठीक, तार ठीक, विजेचा दोर ठीक. मुठीच्या मागच्या अंगाने, जिथून तारा आत जातात तिथे, लाकडाने ओल धरली आणि वीज मुठीत उतरली. नापास. तुम्ही म्हणालात, परत वाच. मी परत वाचलं.

त्यानंतर तुम्ही काय नाही केलंत. मुठी जवसाच्या तेलात भिजवल्या, मेणात बुडवल्या, लाखेचे हातावर हात दिले. लाख इस्त्री तापल्यावर मऊ पडून तळहाताला चिकटायची. मेण वितळून कपड्यावर डाग पडायचे. पावसाळा होता, म्हणून तुम्ही एक इस्त्री मोरीजवळ ठेवून दिलीत आणि दोन दिवसांनी जोडून पाहिलीत. बोटांची मागची बाजू मुठीला लावलीत आणि हात झटकलात. मला म्हणालात, तूही हात लाव. मी लावला. झिणझिण्या कोपरापर्यंत गेल्या. तेव्हाच तुमचा चेहरा बदलला, मला वाटतं. त्याआधी ती नुसती सिलोनची अडचण होती.

व्यापाऱ्याचं पत्र आलं. त्याने सोपी वाट सांगितली होती. तपासणीपुरते काही नमुने बेकेलाइटच्या, म्हणजे ओल न धरणाऱ्या काळ्या प्लास्टिकच्या मुठींचे धाडा, शिक्का मिळाला की पुढचा माल लाकडी मुठींचा जाऊ द्या, बंदरावर कुणी खोकी उघडत नाही. तुम्ही मला उत्तर लिहायला लावलंत, एका ओळीचं, हे जमणार नाही म्हणून. मला ते पटलं. पण मी माझ्या डोक्याने आणखी एक वाट काढली होती आणि ती मला फार शहाणपणाची वाटत होती. मी म्हटलं, सिलोनच्या इस्त्र्यांना काळ्या मुठी लावू आणि इथल्यांना मामाच्या. इथे कुणाचा नियम नाही, भोरला चालतंय. तुम्ही हातातलं काम खाली ठेवलंत.

"भोरला कोन ऱ्हातं?" तुम्ही विचारलंत.

मी तारेचं रीळ पुढे ओढलं, पण तुम्ही थांबला नाहीत.

"तिकडच्या माणसाला झटका बसतो, न् हितल्याला न्हाई बसत? लिवायला शिकलीस त्ये ह्यासाठी न्हाई."

तुम्ही आवाज चढवला नाहीत. पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला एकही तार नीट गुंडाळता आली नाही. वेढे पुन्हा पुन्हा सुटत होते.

मामाच्या मुठी सगळीकडच्याच बंद करायच्या आणि ते वेल्ह्याला जाऊन त्याला सांगायचं, हे आईला तुम्ही चुलीपाशी बसून सांगितलंत. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत. तिने एवढंच विचारलं की दुसरं काही करता येईल का. तुम्ही म्हणालात, सगळं करून बघितलं. मग ती म्हणाली, "जावा. मला नेऊ नका."

नसरापूरपर्यंत आपण सर्व्हिस मोटारीने गेलो, पुढे बैलगाडी. भाताची लावणी उरकलेली, खाचरं पाण्याने भरलेली, आणि तोरणा दिवसभर ढगातच. वाटेत तुम्ही गाडीवानाशी पिकापाण्याचं बोलत होतात. मला राग येत होता की तुम्हाला बोलणं सुचतंच कसं. मग एका ओढ्यापाशी गाडी थांबली, तुम्ही तोंड धुवायला खाली उतरलात आणि खूप वेळ तसेच उकिडवे बसून राहिलात. गाडीवानाने दोनदा हाक मारली.

मामाने आपल्याला लांबून पाहिलं होतं. ओट्यावर गोणपाट अंथरून त्याने नव्या मुठी रांगेने मांडल्या होत्या. तेल लावून पुसलेल्या, काळ्याभोर, कुठे एक ओरखडा नाही. सिलोनची बातमी आईने मागेच कळवलेली, म्हणून तो दुप्पट कामाला लागला होता. "दाजी, ह्या बघा," म्हणत त्याने एक तुमच्या हातात दिली. तुम्ही ती घेतलीत आणि मांडीवर ठेवलीत. मामीने पाणी आणलं. मामी म्हणाली की स्वयंपाक होतोय, बसा. मला वाटलं तुम्ही जेवण होऊ द्याल. जेवून झाल्यावर, निघता निघता सांगाल. तुम्ही पाण्याचा तांब्या खाली ठेवलात आणि लगेच सांगितलंत. दमट पेटी, मोरीजवळची इस्त्री, तेल, मेण, लाख, सगळं. मध्ये काही गाळलं नाहीत.

मामा ऐकत होता. मग म्हणाला, "माझ्या हातात खोट हाय का लाकडात, तेवडं सांगा."

"दोन्हीत न्हाई, पावणं. लाकूड पानी पितं. त्येचा सोभावच त्यो."

"म्या तुमाला वाळल्यालं शिसव दिलं. पानी तुमी पाजलंत."

मग तुम्ही ते बोललात, जे बोलला नसतात तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. माल परगावी जातो, त्याला खोकी लागतात, ती खोकी करा, असं तुम्ही म्हणालात. तुमच्या मनात चांगलंच होतं. मामाने तुमच्याकडे न बघता मुठी एकेक उचलून गोणपाटाच्या मधोमध गोळा केल्या आणि गोणपाटाची टोकं जुळवली.

"म्या खोकी ठोकू?" एवढंच तो म्हणाला.

आपण निघायला उठलो तर त्याने थांबवलं. पाहुणा उपाशी गेला असं गावाने म्हणायला नको, जेवून जा, म्हणाला. मामीने तीनच पानं वाढली होती, आपली दोन आणि त्याचं. तो पानावर आलाच नाही. भात, हुलग्याचं माडगं, वर तुपाची धार, आणि आपण दोघं खाली मान घालून जेवतो आहोत. तुम्ही पानात काही टाकलं नाहीत, शेवटचं शीत उचललंत. ओट्यावर मामा पाठ फिरवून बसला होता. निघताना मी पाया पडले तेव्हा त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण तुम्हाला नमस्कार केला नाही.

बेकेलाइटच्या मुठी मुंबईहून येऊ लागल्या. नमुने पास झाले. शिक्क्याचा कागद आला त्या दिवशी तुम्ही शेडमधल्या सगळ्यांना चहा पाजलात, आणि तो कागद चौकटीत न लावता फळीवर ठेवून दिलात. भोर असो, पुणं असो, गोवा असो, सगळीकडे एकच इस्त्री जाऊ लागली. कोलंबोलाही माल गेला, पण थोडाच. पुढे परदेशी इस्त्र्या पुन्हा बाजारात आल्या, चकचकीत, आपल्यापेक्षा हलक्या, आणि व्यापाऱ्याची पत्रं विरळ होत गेली. संस्थान विलीन झालं त्या सुमारास आपल्या शेडमध्ये तुम्ही आणि मी दोघंच उरलो होतो.

वेल्ह्याला गेलो त्याच वर्षीच्या दिवाळीत आईने भाऊबीजेला ओवाळणीचं ताट तयार केलं. मामा दरवर्षी बैलगाडीने यायचा, कंबर गेल्यावरही गाडीत गवत पसरून यायचा. ती दुपारपर्यंत दारात उभी राहिली, मग परसात जाऊन तिने चंद्राला ओवाळलं, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं, तेही भर उन्हात, जेव्हा आकाशात चंद्र दिसत नव्हता. तुम्ही शेडमध्ये होतात, सणाच्या दिवशी, कुलूप उघडून काही ना काही करत. पुढच्या वर्षी ताट केलंच नाही. आईने तुम्हाला कधी दोष दिला नाही, अण्णा. पण तुमच्याशी बोलताना ती कामापुरतंच बोलू लागली, आणि ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. तुम्ही शेवटच्या तापात होतात तेव्हाही ती उशाशी बसून पाणी पाजत होती, कपाळावर घडी बदलत होती, आणि गप्प होती.

मामा तुमच्या आधी गेला. पुन्हा भिंतीला टेकून बसला तो उठलाच नाही, असं मामी म्हणाली. तेराव्याला मी आईबरोबर गेले. तुम्ही यावं की नाही हे तुम्ही तिला विचारलंत, आणि तिने उत्तर दिलं नाही, म्हणून तुम्ही आला नाहीत. अंगणात मामाची नातवंडं मुठींना सुतळी बांधून ओढत होती, बैल करून. आईने एक उचलली, हातात धरून बघितली आणि पोराला परत दिली.

मी पुढे शाळेत शिकवलं, निवृत्त झाले. इतक्या वर्षांत कुणाला त्या इस्त्रीने झटका बसल्याचं मी ऐकलं नाही. लाकडी मुठी ठेवल्या असत्या तरी कदाचित ऐकलं नसतं. कुणाचा जीव वाचला असेल तर तो माणूस कोण, हे कुणालाच कळणार नाही, त्याला स्वतःलाही नाही. मामाचं काय झालं ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. हे दोन्ही एका तागडीत कसं घालायचं, हे मला वर्गात कधी शिकवता आलं नाही, आणि मीही शिकले नाही.

हे पत्र घालायला टपालपेटी नाही, म्हणून ते उशाखालीच राहील. पण एक सांगते. तुमच्या जागी मी असते तर मुठी मीही बदलल्या असत्या, हे मी स्वतःला नेहमी सांगत आले. ते खरं असेलही. पण वेल्ह्याला जाऊन मामाच्या ओट्यावर बसायची, त्याच्या घरचं जेवायची माझी हिंमत झाली नसती. मी एक कार्ड टाकलं असतं.