वरचा आकडा

१४ जानेवारी, मंगळवार

१७८! हात पट्ट्यातून काढला तरी आकडा पडद्यावर तसाच.

बाहेर हाडं गोठवणारी थंडी, म्हणून आम्ही तिघं सकाळी सातला, दुकानं उघडायच्या आत, मॉलमध्येच चार फेऱ्या मारतो. मग औषधाचं दुकान उघडलं की तिथल्या फुकटच्या मशीनवर रक्तदाब मोजायचा. वरचा आकडा ज्याचा जास्त, त्याने डोनट द्यायचे. आइनरचा आज १२८. एकाहत्तराव्या वर्षी! अकरा वर्षांत आपण एकदाही डोनट दिले नाहीत, हे तो रोज ऐकवतो.

डेल्बर्ट म्हणाला, "आर्विड, लेका, तुझा बॉयलर फुटणार एक दिवस!" मीही हसलो. कान तापले होते.

बाबा एकोणसत्तराव्या वर्षी गेले. दारातला बर्फ उपसताना, हातात फावडं. मला मार्चमध्ये एकोणसत्तर पूर्ण होतील. भीती वाटते. कोणाला सांगणार? इथे लिहिलं.

१६ जानेवारी

१८४. लोर्नाला सांगितलं, १४०. बायकोशी खोटं बोलायची ही वेळ!

२१ जानेवारी

गेलो शेवटी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं कुठे होतात?" रोज सकाळी एक गोळी. नर्सने बजावलं — "आकडा नव्वदच्या खाली गेला, घेरी आली, तर त्याच दिवशी फोन करा. थांबायचं नाही." नव्वद! मला हसूच आलं.

गोळ्या मोज्यांच्या खणात लपवल्या. पैजेत गोळी चालत नाही. असा नियम कोणी केला नाही, पण "गोळीच खायची तर चालता कशाला?" हे आइनरचं पेटंट वाक्य. त्याने माझी पिसं काढली असती.

३ फेब्रुवारी, सोमवार

१२६! आइनर १२८!! डेल्बर्टने एवढ्या टाळ्या पिटल्या की झाडूवाली वळून बघायला लागली. आइनर पुन्हा मशीनवर बसला. पुन्हा १२८.

"खातोस काय रे तू?"

"ओट्स," मी म्हणालो. तोंडाला आलं ते बोललो. त्याने खिशातली पावती काढून मागे लिहून घेतलं.

खूप दिवसांनी आज शांत झोप लागेल.

७ फेब्रुवारी

आइनर १०९. "ओट्स!" म्हणून ओरडला. मला काहीतरी खटकलं. काय ते कळेना.

११ फेब्रुवारी, मंगळवार

तिसऱ्या फेरीत आइनरने कठडा धरला. ओठ पांढरे. म्हणे, बूट सैल झालेत. मशीनवर — ८६. डेल्बर्ट त्याची पाठ थोपटत होता, "पोरगा झालास रे!" आइनर हसला, पण डोळे जागेवर नव्हते.

नर्सचं बोलणं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मग तो विचारणार — तुला कसं माहीत? कुठली नर्स? कसल्या गोळ्या? आणि डेल्बर्टने ते गावभर केलं असतं.

मी डोनट खाल्ला. आत्ता दुपारचे दोन वाजलेत, फोन समोर आहे. दोनदा उचलून ठेवला. त्याचं काही बरंवाईट झालं तर? छे, काही होत नाही. उद्या सकाळी बाजूला घेऊन सांगतो. नक्की.

१२ फेब्रुवारी

आइनर आला नाही. डेल्बर्ट म्हणतो, "हरायला घाबरला!" मी मशीनवर बसलोच नाही. त्याच्या घरी फोन लावला, कोणी उचलत नाही.

१३ फेब्रुवारी

त्याच्या बायकोचा, मार्लिसचा फोन. काल सकाळी मॉलला निघताना दारातल्या पायरीवर घेरी येऊन पडला. डोक्याला मार. अजून शुद्धीवर नाही.

"चार वर्षं रक्तदाबाची गोळी घेतो तो, आर्विड. तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती मला. आता डबी पाहिली, तर तीन-तीन घेत होता. तुझ्याइतका आकडा ओट्सने उतरत नाही, म्हणायचा." मग नाक पुसत म्हणाली, "तू कुठले आणतोस रे? शुद्धीवर आला की तेच करून घालीन."