एक हिस्सा सुबाभूळ, दोन हिस्से गवत

बाबा, भातखाचरांच्या वरच्या वरकसावर, त्या उताराच्या मुरमाड जमिनीवर, तुम्ही लावलेली सुबाभळीची रांग अजून आहे. आहे म्हणजे माजली आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होतो, त्यानंतर कित्येक वर्षं तिला कोणी कोयता लावला नाही. शेंगा झाडावरच वाळल्या, तडकल्या, आणि बी बांध ओलांडून शेजाऱ्यांच्या शेतात उगवलं. गावात मला ऐकवतात, "तुझ्या बापसाचं झाड आमच्याकडं पाव्हनं आलंय, घरी घेऊन जा." शेंगा हिरव्या असतानाच छाटायच्या, हे तुम्ही सांगितलं होतं. तुम्ही सांगितलेलं मला सगळं आठवतं, म्हणून तर हे लिहायला बसलोय. मी तुमच्या नावावर एक खोटं बोललो, आणि त्या खोट्यावर माझं लग्न ठरलं. आधी तुमचा भाग सांगतो, मग माझा.

तेव्हा तुम्ही पेणजवळच्या एका रोपवाटिकेत रोजावर जात होता. एका संध्याकाळी रुमालात बांधून बी आणलंत, चपटं, तपकिरी, चकचकीत. आई चुलीपुढे भाकऱ्या थापते आहे, मी पाटावर बसलोय. तुम्ही तिला पाणी उकळायला लावता, पातेलं खाली उतरवता आणि ते पाणी सरळ बियांवर ओतता. आई थापायची थांबते. "अवो, बी पेरायचं हाय का उसळ करायची हाय?" तुम्ही हसत नाही. "कवच कडक असतंय गो. गरम पान्यानं ढिलं पडतं. रातभर भिजू दे." मी विचारतो, हे शेळ्या खातात काय. तेव्हा आपल्याकडे दोन शेळ्या होत्या. तुम्ही म्हणता, "खातात, आवडीनं खातात. पन भाऱ्यात एक हिस्सा सुबाभूळ, दोन हिस्से गवत. नुसती सुबाभूळ घातलीस तर शेळीचे केस गळतील, पोटातलं पिल्लू वाया जाईल." मी म्हणालो, चांगलं आहे तर सगळंच का नाही घालायचं. "तुला रोज मटण घातलं तर?" "चालंल." त्यावर आईनं पिठाच्या हातानं माझ्या टाळक्यात दिली आणि तुम्ही मला तिथंच उभं केलंत. बोल. एक हिस्सा सुबाभूळ, दोन हिस्से गवत. परत बोल. तीनदा बोललो तेव्हा कुठं ताटावर बसायला मिळालं. मला राग आला होता. मला तेव्हाही पटकन राग यायचा.

राब भाजायचं तुम्ही बंद केलंत तेव्हा तर अख्खा गाव बघायला आला होता. भाताचं रोप टाकायच्या जागेवर फांद्या, पाला, शेण पसरून जाळायचं, हे आपल्याकडे आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं. तुम्ही म्हणालात, डोंगर तोडून जाळायचा आणि रोपं करायची, हे किती दिवस चालणार. तिसऱ्या वर्षी रांग कमरेच्या वर गेली तशी तुम्ही ती छाटलीत आणि हिरव्या फांद्या खाचरात पसरल्यात. चार दिवसांत पाला गळून चिखलात गेला, उरलेल्या काटक्या आईनं चुलीला नेल्या. लोक म्हणाले, हा शेतात कचरा टाकतो. भात काही कमी आलं नाही. माती हातात घेतली की भुसभुशीत लागायची, तुम्ही ती मला हुंगायला लावायचात. तुम्ही गेल्यावर छाटायला कोणी नव्हतं, म्हणून आईनं परत राब भाजायला सुरुवात केली. तिला दोष देत नाही. मी हाताशी आलो तेव्हा मला रोह्याला कॉलेजला जायचं होतं.

कॉलेजचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. जिच्याशी पुढे लग्न ठरलं ती दुसऱ्या वर्षाला माझ्या वर्गात होती. तिचं गाव रोह्याच्या पलीकडे, घरी म्हशी, वडील दूध घालतात. आपल्या कासू स्टेशनातून गाडी सुटली की रोहा येईपर्यंत मी तिच्याशी काय बोलायचं ते ठरवायचो आणि रोह्याला उतरल्यावर विसरायचो. एकदा एक मुलगा तिच्याबद्दल घाण बोलला. मी त्याला मारलं, नुसतं मारलं नाही, बाकडं उचलून मारलं. कॉलेजनं आईला बोलावून घेतलं. आई सरांसमोर हात जोडून उभी राहिली ते मला बघवलं नाही, आणि मी तिथंच सांगून टाकलं की मला शिकायचंच नाही. माफी मागितली असती तर मिटलं असतं. ती मला गेटवर भेटली आणि म्हणाली, "मी सांगितलं होतं तुला मारायला?" पुढचे चार महिने तिनं फोन उचलला नाही. मी रोज लावायचो.

घरी बसल्यावर शेळ्या घेतल्या, चार. रांग होतीच. तोवर ती बोलायला लागली होती. तिला कंपनीत काम मिळालं होतं, तीन पाळ्या. तिची शिफ्ट सुटायची तेव्हा मी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर असायचो. आता हिशोब बघा. उन्हाळ्यात गवत मिळवायचं तर खाडीकडच्या बांधांपर्यंत जावं लागतं, जाऊन येऊन अर्धा दिवस. सुबाभूळ घरामागे, ऐन वैशाखात हिरवीगार, दहा मिनिटांत भारा. मी दहा मिनिटांत भारा आणायचो आणि कासू स्टेशन गाठायचो. दोन महिने शेळ्यांनी दुसरं काही पाहिलं नाही. आधी पाठीवरचे केस गेले, मग मानेवरचे. एक व्याली, पिल्लू उभं राहीना, तिसऱ्या दिवशी गेलं. मला कारण माहीत होतं बाबा. पहिला केसांचा पुंजका गोठ्यात दिसला तेव्हाच माहीत होतं. उद्यापासून गवत आणतो म्हणालो, आणि उद्या तिची दुपारची शिफ्ट होती.

तिनं सांगितलं होतं, "माझ्या बाबांना घरी बोलव. समोर बसून विचार. फोनवर असलं काय चालनार नाय." ते नेमके त्याच आठवड्यात आले. आईनं पोहे केले होते, सतरंजी घातली होती. ते दारात चपला काढता काढता थांबले आणि म्हणाले, "घर काय, घरासारखं घर असतंय. आधी गोठा दाखव." म्हशीवाला माणूस. मी पुढे, ते मागे, त्यांच्या मागे आई चहाचे कप घेऊन. त्यांनी शेळ्या बघितल्या, एकीच्या पाठीवरून हात फिरवला, तळहाताला चिकटलेले केस बघितले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्यांची मुंज केलीस काय रे?" मला हसायला पाहिजे होतं. माझे कान तापले. "काय घालतोस?" सुबाभूळ. "आनि?" आणि काही नाही. "नुसती? कोनी शिकवलं तुला?"

मी म्हणालो, "आमच्या बाबांनी."

तोंडातून गेलं ते गेलं. ते जरा नरमले. म्हणाले, "गेले ना ते? मंग त्यांना तरी काय बोलनार. जुन्या मानसांना ह्या झाडाचं म्हायती नसतं. पोरा, तुझी चूक नाय." आणि शेळ्यांना काय घालायचं ते त्यांनी मला समजावून सांगितलं, एक हिस्सा आणि दोन हिस्से, जसंच्या तसं. मी मान डोलवली. आई कप धरून तिथंच उभी होती. ते पोहे खाऊन गेले, जाताना म्हणाले, पोरगा ऐकून घेतो, दिवाळीत सुपारी फोडू. आई कप विसळत होती. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "तुझ्या बाबांना सगळं कुठं म्हायती होतं." एवढंच. मी वरकसावर निघून गेलो आणि संध्याकाळपर्यंत रांग छाटत बसलो.

तेव्हापासून मी गवत आणतो. शेळ्यांना केस आलेत, आधी लव आणि मग दाट. यंदा राब भाजला नाही, सगळा पाला खाचरात घातला. लावणी झाली. सगळं सुरळीत झालं, आणि तेच अंगावर यायला लागलं. कारण तिचे बाबा चार माणसांत सांगायचे, "बापूस अडानी होता, पोरगा शानपनानं शिकला." एकदा बाजारात माझ्यासमोर सांगितलं. मी उभा होतो आणि मला राग आला, त्यांचा. घरी येईपर्यंत कळलं की त्यांचा यायचं काही कारण नाही.

गेल्या गुरुवारी मी त्यांच्या गोठ्यात गेलो. ते धार काढत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी धार थांबवली नाही. म्हैस मोकळी झाल्यावर चरवी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "म्हंजे बापूस शाना होता." व्हय. "मेलेला मानूस उठून सांगायला येनार नाय, म्हनून त्याच्यावर ढकललंस." व्हय. ते बराच वेळ हात धूत राहिले. मग म्हणाले, "दिवाळीचं ऱ्हाऊ दे. पुढच्या वैशाखात येतो. गवत सुकलं की मानूस कळतो."

तिला फोन केला. ती म्हणाली, "मला आधी विचारायचं ना." मी म्हणालो, तू नको म्हणाली असतीस? "नको कशाला म्हनू? पन साडी घेऊन झाली." तिनं फोन मात्र ठेवला नाही.

आईला मी सांगितलंय की तिच्या कंपनीतल्या पाळ्यांमुळे सुपारी पुढे गेली. आई बरं म्हणाली. आत्ता दुपार आहे, ती पडवीत बसून वाल सोलते आहे, मी आत वहीत हे लिहितोय. तुम्हाला लिहिणं सोपं आहे. हे कुठं टाकायचं नाही, कोणी वाचायचं नाही, आणि तुम्ही मला उभं करून परत बोल म्हणणार नाही. त्या दिवशी मी गोठ्यातून निघालो तेव्हा तिच्या बाबांनी मागून हाक मारली आणि विचारलं, "आईसमोर खोटं बोलला व्हतास. आईसमोर मागं घेतलंस काय?"

मी हो म्हणालो. घेतलेलं नाही.